गुलाबरावाच्या पोटाची लॉगशीट

आठ तासांचं काम पहिल्या दहा मिनिटांत कागदावर उरकणारा आणि तरीही ज्याला कुणी कामचुकार म्हणालं नाही, असा माणूस आमच्या मिलमध्ये एकच होता. गुलाबराव. रायपूरजवळच्या उरला या कारखान्यांच्या वस्तीतल्या रोलिंग मिलमध्ये तो इलेक्ट्रिशियन. दर तासाला पॅनल रूममध्ये जाऊन करंट किती, व्होल्टेज किती, ट्रान्सफॉर्मरचं तेल किती तापलं, हे सगळं लॉगशीटवर लिहायचं असा नियम होता. गुलाबराव शिफ्टला आला की खुर्ची ओढायचा, खिशातली बडीशेप तोंडात टाकायचा आणि आठच्या आठ ओळी भरून मोकळा व्हायचा. शेवटच्या रकान्यात आठ वेळा 'ठीक'. तो कागद मग टाइम ऑफिसात माझ्या टेबलावर यायचा आणि मी न वाचता सही ठोकायचो. बावीस वर्षं ठोकली. आता लाज वाटते, पण तेव्हा नव्हती वाटत, हेही सांगून टाकतो.

कारण मशीन कधी बंदच पडलं नाही. गुलाबराव कागदावर खोटा असला तरी कामाला एकदम खरा. मोटरच्या आवाजावरून तो सांगायचा की हिचं बेअरिंग चार दिवसांत जाणार, आणि ते चौथ्या दिवशी जायचं. रायपूर छत्तीसगडची राजधानी झाली, पलीकडे नव्या रायपूरच्या इमारती उभ्या राहायला लागल्या, तेव्हा सळईची मागणी इतकी वाढली की मिल दिवसरात्र चालायची. त्या काळात एकही शिफ्ट बुडाली नाही याचं श्रेय साहेब स्वतःकडे घ्यायचे, पण आम्हाला माहीत होतं ते कुणाचं. गुलाबराव म्हणायचा की मंत्री ज्या खांबाला टेकून उभे राहतात त्याच्या आतली सळई माझ्या करंटवर निघाली आहे. ही बढाई आम्ही महिन्यातून दोनदा ऐकायचो.

राहायला आम्ही दोघं बीरगावात, एकाच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, भिंतीला भिंत लागून. तो मूळचा भंडाऱ्याकडचा, मी वर्ध्याकडचा. त्याच्या घरी बुद्धपौर्णिमेची खीर आणि आमच्या घरी पोळ्याची पुरणपोळी, दोन्हीवर गुलाबरावाचा हक्क. खाणारा माणूस, आणि खाऊ घालणाराही. त्याच्या दारावरून कुणी उपाशी गेला तर त्याला झोप लागत नसे. त्याची बायको सरितावहिनी शांत बाई. घरात आवाज फक्त गुलाबरावाचा आणि त्याची पोरगी रीना हिचा. रीनाला मराठी सगळी कळते, पण उत्तर हिंदीतच देते. बाप मराठीत रागावतो, पोरगी हिंदीत समजावते, आणि आम्ही भिंतीपलीकडे बसून दोन्ही ऐकतो.

तर अशा या माणसाने एक दिवस माझ्याकडची पुरणपोळी अर्धी टाकली. मला वाटलं, तूप कमी पडलं. पण पुढच्या महिन्यात मुलाखतीला आल्यासारखा अंग चोरून जेवायला बसला आणि दोन घासांत उठला. पोट भरलं म्हणाला. गुलाबरावाचं पोट दोन घासांत भरणं म्हणजे आमच्या भट्टीचं दोन टोपल्या भंगारात भागण्यासारखं. सोळा वर्षांपासून त्याला साखरेचा आजार होता आणि औषध तो लॉगशीटसारखंच घ्यायचा, म्हणजे कागदावर. हळूहळू कळलं की सकाळी त्याला उलटी होते आणि त्यात आदल्या रात्रीचा भात जसाच्या तसा निघतो.

पाऱ्यात निदान करणाऱ्यांची कमी नाही. सगळ्यांचं एकमत झालं की नाभी सरकली. अभनपुरात एक म्हातारबुवा नाभी जागेवर बसवतात, लोक ट्रॅक्टर भरून येतात. गुलाबराव मंत्रतंत्र न मानणारा माणूस, पण त्याने स्वतःची समजूत घातली की ही अलाइनमेंटची गोष्ट आहे. रोल सरकला तर आपण नाही का ठोकून जागेवर आणत. मी सोबत गेलो. बुवांनी त्याला पाठीवर झोपवलं, बेंबीवर पणती ठेवली, वर लोटा उपडा घातला, आणि लोटा पोटाला घट्ट चिकटला. गुलाबराव झोपल्या झोपल्या मला व्हॅक्यूमचं तत्त्व समजावून सांगत होता. बुवा म्हणाले, झाली दुरुस्त. अभनपूरच्या बसस्टँडवर पोचेपर्यंत दुरुस्ती टिकली.

मग मात्र रीनाने हात कंबरेवर ठेवले आणि बापाला रायपूरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. तिथे त्याला चिमूटभर किरणांचं औषध कालवलेली इडली खायला दिली आणि दर तासाला यंत्राखाली पोटाचा फोटो काढला. चार तासांनी बहुतेक इडली पोटातून निघून गेलेली असायला हवी. गुलाबरावाची अर्ध्याहून जास्त तशीच बसलेली होती. डॉक्टरांनी सांगितलं की साखरेने पोटाच्या नसा मंदावल्या, जठर अन्न पुढे ढकलतच नाही. सगळी औषधं देऊन पाहिली. सहा महिन्यांत त्याचं वजन एकोणीस किलो उतरलं. पँट कमरेला दोरीने बांधून तो कामावर यायचा आणि विचारलं की म्हणायचा, ठीक.

शेवटी रायपूरच्या डॉक्टरांनी नागपूरच्या एका इस्पितळाचं नाव दिलं. तिथे म्हणे पोटात एक लहानशी डबी बसवतात. तिच्या दोन तारा जठराला टाचतात आणि ती सारखे बारीक बारीक विजेचे ठोके देत राहते. रीना म्हणाली, "पापा, पेसमेकर जैसा है, बस पेट का." गुलाबरावाचा चेहरा असा उजळला की मला त्याचे जुने दिवस आठवले. वीज! आयुष्यभर ज्या बाईशी संसार केला तीच आता पोटात राहायला येणार. त्याने पाऱ्यात सगळ्यांना सांगितलं, साहेबांना सांगितलं, पानठेल्यावरच्या भैयाला सांगितलं.

फक्त एक अट होती. आधी चार आठवडे वही ठेवायची. रोज काय खाल्लं, मळमळ किती, उलट्या किती वेळा, सगळं लिहायचं. ती वही बघून डॉक्टर ठरवणार की डबी बसवायची की नाही. एक डोळस वाचक म्हणून तुमच्या लक्षात आलंच असेल की पुढे काय होणार. माझ्या आलं नाही. बावीस वर्षं सही करून माझे डोळे फक्त सहीपुरतेच उरले होते.

नागपूरला आम्ही तिघं गेलो. तपासायच्या खोलीत पेशंटसोबत एकाच माणसाला प्रवेश. गुलाबरावाने वहिनींना बाहेर पिशव्यांपाशी बसवलं आणि मला आत घेतलं. सही करणारा माणूस सोबत पाहिजे म्हणाला. डॉक्टर सुनीतीबाई पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, मग पुन्हा मागे जाऊन वाचली. मी मान लांब करून पाहिलं. अठ्ठावीस ओळी, एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेल्या. दोन पोळ्या, वरण, भात. मळमळ नाही. उलटी आठवड्यातून एक, तीही मंगळवारी. शेवटचा रकाना त्याने स्वतः आखला होता आणि त्यात अठ्ठावीस वेळा 'ठीक'.

"या वहीप्रमाणे तुम्हाला यंत्राची गरज नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषधं चालू ठेवा, थोडं थोडं खा. एवढ्यासाठी मी ऑपरेशन करणार नाही."

गुलाबरावाचं तोंड एवढंसं झालं. उठून नमस्कार केला. बाहेर येऊन वहिनींना म्हणाला की चांगली बातमी आहे, ऑपरेशनची गरजच नाही. वहिनींनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि पिशवी उचलली. जिन्याशी पोचलो नाही तोच गुलाबराव बेसिनकडे धावला. मी मागे गेलो. बेसिनवर वाकलेल्या त्या माणसाची पाठ मी पहिल्यांदा नीट पाहिली. सदऱ्याच्या आत बरगड्या मोजता येत होत्या. मला इतका राग आला, इतका राग आला, की त्याला तिथेच दोन ठेवून द्याव्याशा वाटल्या. राग त्याचा होता की माझा, ते अजून ठरलेलं नाही.

मी विचारलं, काहून लिहिलं असं खोटं? त्याने तोंड पुसलं आणि मला अडाण्याला समजावतात तसं समजावलं.

"जळक्या मोटरले नवा स्टार्टर कोन लावते, नरहरभाऊ? एवढी महागाची वस्तू. पोट कंडम दिसलं तं दुसऱ्या पेशंटले देतीन ना. म्हनून रीडिंग चांगले लिहिले."

बिचारा चांगलं पोट दाखवून डबी मिळवायला निघाला होता. साहेब लोक लॉगशीट बघून ठरवतात की कुठल्या मशीनवर खर्च करायचा आणि कुठलं भंगारात काढायचं, हे त्याने जन्मभर पाहिलेलं. त्याला वाटलं, डॉक्टर म्हणजे तेच. मी त्याच्या हातातून वही हिसकावली, दार न वाजवता डॉक्टरबाईंच्या खोलीत शिरलो आणि म्हणालो की मॅडम, ही वही खोटी आहे, आणि या माणसाच्या असल्या कागदांवर मी बावीस वर्षं सह्या केल्या आहेत, म्हणून मी सांगतो ते ऐका. आत दुसरा पेशंट पलंगावर पोट उघडं टाकून पडला होता. तोही ऐकू लागला. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात; त्या दिवशी अर्धा गोटा माझ्या कपाळी होता.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. गुलाबरावाला परत आत बोलावलं आणि म्हणाल्या, "अहो, यंत्र आजारी पोटालाच लावतात. तुम्ही आजार लपवला तर मी कशावर इलाज करू?" मग त्यांनी नवी वही दिली. पुन्हा चार आठवडे. जेव्हा होईल तेव्हा, तिथल्या तिथे लिहायचं. परतीच्या गाडीत गुलाबराव दुर्गपर्यंत माझ्याशी बोलला नाही. दुर्ग गेल्यावर म्हणाला, तू माझी इज्जत घालवली. मी म्हटलं, हव, घालवली, आता वजन तरी वाचव.

ती दुसरी वही माझ्याकडे अजून आहे. तो चिडून लिहायला बसला आणि मग, मनाने कारागीरच तो, लिहिण्यात रमला. सकाळी सहा दहा, अर्धी पोळी, सहा चाळीसला ट्रिप, म्हणजे उलटी. नऊ वाजता चहा, नऊ पाचला ट्रिप. पॅनल रूमच्या मागे, कुणी पाहिलं नाही. दुपारी दोन घास खिचडी, मळमळ पूर्ण लोड, तीन तास. रीनाच्या मैत्रिणीचं लग्न, लोकांसमोर एक लाडू खाल्ला, आग्रह मोडता आला नाही, मंडपामागे दोनदा ट्रिप. एका दिवशी अकरा. त्या दिवशी शेवटच्या रकान्यात पहिल्यांदा 'ठीक' नव्हतं. लिहिलं होतं, 'थकलो'.

दर संध्याकाळी तो वही सहीसाठी माझ्याकडे आणायचा, सवयीने. आणि मी ती वाचायचो. हा माणूस माझ्या टेबलापासून तीस पावलांवर रोज ओकत होता आणि मी त्याला दर तासाला ठीक धरून चाललो होतो. मला रडू आलं. बायकोने विचारलं तर म्हटलं, उरल्याची धूळ डोळ्यात गेली. म्हणजे खोट्याची साथ आता भिंतीच्या अलीकडेही आली.

या वहीवर मात्र काम झालं. डॉक्टरबाईंनी आधी नाकातून बारीक तार घालून चार दिवस तात्पुरते ठोके देऊन पाहिले. त्या चार दिवसांत उलट्या निम्म्यावर आल्या, तेव्हा ऑपरेशन ठरलं. डबी काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी. बेंबीच्या उजव्या अंगाला, कातडीखाली. डॉक्टरबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं की याने नसा नव्या होत नाहीत, जठर काही धावायला लागत नाही. मळमळ आणि उलट्या कमी होतात, तेही सगळ्यांच्या होत नाहीत. तुमच्या झाल्या की नाही हे सहा महिन्यांनी वहीवरूनच कळेल. झाल्या नसतील तर ठोक्यांचा जोर बाहेरून वाढवून पाहता येतो. म्हणजे पुन्हा सगळी मदार गुलाबरावाच्या लेखणीवर.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात मी भेटायला गेलो तर हा गृहस्थ बनियन वर करून पोटाला टेस्टर लावून बसलेला. टेस्टरचा दिवा लागत नव्हता, म्हणून डबी बंद आहे अशी त्याची खात्री झाली होती. रीना हिंदीतून डोकं आपटत होती की इतक्या बारीक करंटने टेस्टर लागत नसतो. गुलाबरावाचं म्हणणं, ज्या मशीनला दिवा नाही, आवाज नाही, गरम होत नाही, त्याच्यावर भरवसा ठेवायचा तरी कसा. शेवटी वहिनींनी टेस्टर उचलून ट्रंकेत टाकला आणि किल्ली कमरेला लावली.

एक नुकसान मात्र झालं. डबीवाल्या माणसाने मोठ्या चुंबकाजवळ, वेल्डिंगजवळ, इंडक्शन भट्टीजवळ जायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी लिहून दिलं. आमच्या मिलमध्ये या तिन्हींशिवाय काय आहे? त्याची बदली टाइम ऑफिसात झाली, माझ्यासमोरच्या खुर्चीत. पहिले पंधरा दिवस तो खिडकीतून पॅनल रूमकडे बघत बसायचा आणि मोटरचा आवाज ऐकून इथूनच ओरडायचा की तीन नंबर बघा रे. त्याला फार वाईट वाटत होतं आणि त्याने ते लपवलं नाही, हीच मोठी सुधारणा. नव्या इलेक्ट्रिशियनची लॉगशीट सहीला आली की आधी तो वाचायचा, मग मी. दोनदा परत पाठवली. तो इलेक्ट्रिशियन मला म्हणाला की काका, गुलाबराव असताना तर असं नव्हतं. गुलाबरावाने शांतपणे सांगितलं की गुलाबराव चोर होता.

वही चालूच होती. पहिला महिना रोजच्या चार-पाच उलट्या. मग दोन. मग दिवसाआड. टाइम ऑफिसात तो दोन दोन तासांनी डबा उघडायचा, मऊ भात, शिजलेली लौकी, पातळ वरण, चार घास, सावकाश. चौथ्या महिन्यापासून वहीत शून्य दिसायला लागलं. शून्य, शून्य, शून्य. आठवडाभर शून्य. आता तुम्ही सांगा, मी काय करावं? तेच अक्षर, तोच माणूस, तसंच पान. मी त्याच्याकडे बघायचो, तो माझ्याकडे. एकदा न राहवून विचारलं की हे शून्य पोटातलं आहे की पेनातलं. तो दुखावला. दोन दिवस डबा पाठ फिरवून खाल्ला.

सहा महिने झाले आणि आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. मी बजावलं की या वेळी मी आत येणार नाही, वहिनी जातील. डॉक्टरबाईंनी मला पाहिलं आणि हसून म्हणाल्या की दोघंही या, तुमच्यामुळेच तर हे प्रकरण उभं राहिलं. त्यांनी वही वाचली. पुन्हा मागे जाऊन वाचली. शेवटचे साठ दिवस शून्यांची रांग. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, हे खरं आहे ना? खरं असलं तर मी यंत्राला हात लावत नाही. खोटं असलं तर जोर वाढवावा लागेल. नेमकं सांगा.

गुलाबराव म्हणाला, खरं आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी, देवाशपथ, हो म्हणू शकलो नाही. मला ठाऊकच नव्हतं. खरं लिहिलेल्या माणसाला खरं सिद्ध करता येत नव्हतं.

तेव्हा वहिनी बोलल्या. या सगळ्या प्रकरणात त्यांचं एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं.

"वहीतलं मले नाही समजत, डॉक्टरबाई. पन हे रात्री उठत होते, नळ सोडून ओकत होते, आवाज येऊ नाही म्हनून. चक्कर येऊन पडतीन या भेवानं मी दाराच्या अलीकडे उभी राहत होती. रोज. दीड वर्ष. आता दोन महिने झाले, मी रात्रभर झोपून राहिली."

डॉक्टरबाईंनी मान हलवली, वहीवर तारीख टाकली आणि यंत्र आहे तसंच ठेवलं. त्यांना आणखी पुरावा नको होता.

गुलाबराव मात्र खुर्चीतून उठेना. बायकोकडे बघत म्हणाला, "तू तं झोपलेली राहत होती."

"सोंग घेत होती," वहिनी म्हणाल्या. "तुमाले वाटत होतं ना कोनाले माहीत नाही."

जिना उतरून आम्ही रस्त्यावर आलो. भर दुपारच्या गर्दीत, रिक्षावाल्यांच्या देखत, लग्नाला एकोणतीस वर्षं झालेल्या गुलाबरावाने बायकोचा हात धरला आणि मला म्हणाला की नरहरभाऊ, तू हो पुढं. मी दोन्ही पिशव्या घेतल्या आणि पुढे झालो.